धागा: भाचीला 'डेटा जिऑलॉजिस्ट'ची ऑफर आलीय. ही नोकरी म्हणजे नेमकं काय?

ठाण्याचा_मामा

मंडळी, आमच्या घरात भूविज्ञान कुणी बापजन्मात शिकलेलं नाही. भाचीनं हट्टानं घेतलं आणि पुण्यातून चांगल्या मार्कांनी एम.एस्सी. झाली. आता नागपूरच्या एका खाजगी खनिज-शोध कंपनीचं पत्र आलंय. पदाचं नाव 'डेटा जिऑलॉजिस्ट', आणि कामाच्या रकान्यात लिहिलंय, 'ड्रिलिंग डेटाबेस व कोअर लायब्ररीची देखभाल'.

ताई म्हणते, पाच वर्षं शिकून गोदाम सांभाळायचं? भाऊजी म्हणतात, यूपीएससी दे. भाची काहीच म्हणत नाही, नुसती माझ्याकडे बघते, कारण लहानपणी तिला सह्याद्रीत दगड गोळा करायला मीच न्यायचो. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. या क्षेत्रातलं कुणी आहे का इथे?

चिकित्सक

लायब्ररी म्हटलं काय आणि गोदाम म्हटलं काय. पत्र्याची शेड, खाली दगड, वर उंदीर. शिवाय डेटा एंट्री दोन वर्षांत एआय खाणार. भाऊजींचं ऐका.

कोअरशेड

मामा, मी बावीस वर्षं हेच गोदाम सांभाळतोय, नागपुरातच. उंदीर आहेत, ते खरं. विंचू पण आहेत.

आधी कोअर म्हणजे काय ते सांगतो. हिऱ्याचे कण बसवलेला पोकळ बिट फिरत फिरत जमिनीत जातो आणि मधे दगडाचा दांडा शिल्लक राहतो. एनक्यू मापाचा असेल तर ४७.६ मिलिमीटर जाड. दांडा वर आला की पेटीत लावायचा, डावीकडून उजवीकडे, वहीत ओळी लिहितो तसा. प्रत्येक रन (एका खेपेत वर आलेला कोअर) संपला की एक लाकडी ठोकळा आणि त्यावर खोली. एवढंच. पण एक ठोकळा चुकीच्या जागी पडला की तिथून खाली प्रत्येक नमुन्याची खोली चुकते, आणि हे कुणाला लवकर कळतही नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षी पेट्या आणणारा ट्रॅक्टर ओढ्यात कलंडला. ट्रॅक्टरवरची पोरं भली होती. त्यांनी कोअर वेचून, पुसून, 'रंग जुळवून' पेट्यांत परत लावला. आता सांगा, बेसाल्ट सगळा काळाच! सहा पेट्यांना मला चार दिवस लागले. फुटलेल्या बांगडीचे तुकडे जुळवतो तशी एकेक टोकं एकमेकांत बसवत गेलो. मदतीला काय होतं, तर लाल मातीचा एक पट्टा आणि एका जागी भरगच्च झिओलाइट (बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढणारं खनिज). त्यांच्या खोल्या ड्रिलरच्या वहीत नोंदलेल्या होत्या. तरी दोन मीटर जुळले नाहीतच. नोंदीत मी 'क्रम अनिश्चित' असं लिहिलं. साहेबांना तो शेरा मुळीच आवडला नव्हता. आजही तो तिथं आहे.

कॉम्प्युटरवरचं काम उद्या लिहितो, आता लाइट जातेय.

ठाण्याचा_मामा

हे ताईला वाचून दाखवलं. विंचवाचं गाळलं.

मराठीबाणा

अवांतर: कोअरला 'गाभा' हा सुंदर शब्द असताना इंग्रजी कशाला?

कोअरशेड

बाणासाहेब, ड्रिलरला 'गाभा काढ' म्हटलं तर तो भोपळा चिरायला घेईल. शेडवर कोअरच म्हणतात. मांजऱ्या, मुरूम, गेरू हे आमचे शब्द मात्र मराठीच आहेत, ते कुणी बदलत नाही.

आता राहिलेलं. एका बोअरची माहिती निदान चार तक्त्यांत बसते. बोअर कुठं सुरू झाली तो कॉलर, खाली जाताना कुठं वळली तो सर्व्हे, कितीपासून कितीपर्यंत कोणता दगड तो लिथॉलॉजी, आणि प्रयोगशाळेचे आकडे तो ॲसे. चारही तक्ते एकमेकांशी बोलले पाहिजेत. बोअर १८० मीटरवर संपली आणि नमुना १८४ मीटरचा असेल तर कुणीतरी झोपेत होतं. तिरपी बोअर खाली जाते म्हणून कोन उणे ६० लिहायचा. कुणी उणे विसरला की थ्रीडी चित्रात बोअर जमिनीतून आभाळाकडे निघते. तशी दिसली तर नशीबच म्हणायचं, कारण ती डोळ्यांत भरते. उणे ६० च्या जागी उणे ६६ पडलं तर कुणाच्या बापाला दिसत नाही.

आणि एक्सेल! आमच्या बोअरी मारेगाव तालुक्यात होत्या, म्हणून नमुन्यांची नावं एमएआर-१, एमएआर-२ अशी. एका उत्साही पोरानं सगळी यादी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली. एमएआर-१२ ची झाली १२ मार्च. ३१ पर्यंत सगळे मार्च महिन्यात राहायला गेले आणि एमएआर-३२ पासून पुढचे थेट १ मार्च १९३२, १ मार्च १९३३ असे मागे स्वातंत्र्यपूर्व काळात. प्रयोगशाळेला यादी तशीच गेली. तिथल्या बाईंचा फोन आला, "साहेब, हे नमुने फार जुने दिसतात."

हसायला ठीक आहे. पण प्रयोगशाळेच्या आकड्यात '०.०१ पेक्षा कमी' असतं, त्याचं कुणी शून्य करतो, कुणी उणे ०.०१ करतो, कुणी रकाना रिकामा सोडतो. तिघांची सरासरी वेगळी येते, आणि त्या सरासरीवर खाणीचा लिलाव होतो. २०१५ मध्ये खाण कायदा बदलला आणि प्रमुख खनिजांचे पट्टे लिलावानं जाऊ लागले. तेव्हापासून जुन्या बोअरच्या नोंदींना एकदम भाव आला. पूर्वी माझ्या शेडला साहेब लोक वर्षातून एकदा यायचे, सत्यनारायणाला.

दगडफोडी

कोअरशेडकाकांचं सगळं पटलं, पण एक सांगते, मामा. मी स्वतः या लायनीत आहे. बऱ्याच ठिकाणी मुलगी दिसली की तिला डेटाला बसवतात. कॅम्पवर बाथरूम नाही, तंबू नाही, रात्रीची शिफ्ट आहे, ही कारणं. माझ्या पहिल्या कंपनीत माझ्याबरोबर लागलेला मुलगा सहा महिन्यांत रिगवर (बोअर मारायच्या यंत्रावर) होता आणि मी तीन वर्षं त्याचं अक्षर लावत होते. पुढे प्रमोशनला म्हणाले, फील्डचा अनुभव नाही.

भाचीनं जावं जरूर, पण आधी लेखी विचारावं: पहिल्या वर्षी किती दिवस रिगवर? ज्यानं रिगवर उभं राहून ओला कोअर हाताळला नाही त्याला चुकलेला ठोकळा स्क्रीनवर दिसत नाही. हे तर काकाही मान्य करतील.

कोअरशेड

मान्य. आमच्याकडेही असं झालंय, खोटं कशाला बोलू. दोन सीझन तरी रिगवर हवेच.

चिकित्सक

एक साधा प्रश्न. एकदा कोअर तपासला, आकडे आले. मग तो दगड वर्षानुवर्षं ठेवायचा कशाला? जागेचं भाडं कोण भरतं?

पर्थवासी

चिकित्सकराव, या प्रश्नाचं उत्तर १९९७ मध्ये मिळालंय, फार महागात. इंडोनेशियात बोर्निओच्या जंगलात बुसांग नावाची जागा. ब्रे-एक्स ही कॅनेडियन कंपनी म्हणाली, जगातला सर्वांत मोठा सोन्याचा साठा आमच्याकडे. शेअरचं एकूण मूल्य ६ अब्ज कॅनेडियन डॉलरच्या वर गेलं. रीत अशी की कोअर उभा चिरायचा, अर्धा प्रयोगशाळेला, अर्धा पेटीत. यांनी जवळजवळ सगळाच कोअर दळून पाठवला. मागे तपासायला काही नाही. नमुन्यांत नदीतलं सोनं मिसळलेलं होतं. कण वाहून गोलसर झालेले होते, दगडातून नुकते सुटलेले असते तर तसे दिसले नसते. दुसऱ्या कंपनीनं त्याच जागांशेजारी स्वतः बोअर मारल्या तेव्हा सोनं नव्हतंच. २००१ मध्ये कॅनडानं खनिज अहवालांचे नवे नियम आणले त्यामागे हे प्रकरण आहे. अर्धा कोअर ही पावती असते हो. भाडं त्या पावतीचं.

आता इकडचं. मी पश्चिम ऑस्ट्रेलियात डेटाबेस जिऑलॉजिस्ट आहे, मूळचा सांगलीचा. इथे कंपनीला शोधाचा अहवाल सरकारला द्यावाच लागतो, आणि ठरावीक मुदतीनंतर तो सगळ्यांना खुला होतो. सरकारी कोअर लायब्ररी दोन, एक पर्थच्या कार्लाइल भागात, दुसरी कालगुर्लीत. रोलर लावलेल्या लांब टेबलांवर पेट्या मांडून देतात. बघा, मोजा, परवानगी घेऊन नमुना कापा. चाळीस वर्षांपूर्वी कुणी तांब्यासाठी मारलेली बोअर आज कुणी लिथियमसाठी परत बघतो. नवी बोअर मारण्यापेक्षा हे कैक पटीनं स्वस्त.

मामा, करिअरचं विचारलंत तर इथे हा स्वतंत्र पेशा आहे. भूविज्ञान अधिक एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) येणारा माणूस सहज मिळत नाही. माझं रोस्टर आठ दिवस खाणीवर, सहा दिवस घरी. बायको म्हणते ते सहा दिवसही मी डेटाबेसशीच बोलतो. असो.

बाइट_बहाद्दर

पुण्यातून. तेलाच्या बाजूचं सांगतो, कारण तिकडे याच कामाला जास्त पैसे आहेत आणि विंचू नाहीत.

तेलविहिरीत कोअर थोडाच काढतात, बाकी सगळं लॉग: गॅमा, रोध, घनता, खोलीप्रमाणे आकड्यांच्या नागमोडी रेघा. आमच्याकडे १९८० च्या दशकातले कागदी लॉग येतात, पंख्याच्या घडीसारखे, सोडले तर खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खोली फुटात आहे की मीटरमध्ये? मोजली कुठून, समुद्रसपाटीपासून, जमिनीपासून, की रिगच्या मचाणापासून? मचाण जमिनीच्या बरंच वर असतं. हे न बघता दोन विहिरी शेजारी लावल्या की मधे नसलेला भ्रंश (खडक तुटून सरकल्याची जागा) दिसायला लागतो. आमच्या एका टीमनं अहवालात असा भ्रंश काढून, त्याला नावही दिलं होतं. शेवटी तो रिगच्या मचाणाएवढा भ्रंश निघाला.

आणि चिकित्सक, एआयबद्दल. आम्ही स्कॅन करून मशीनला वाचायला देतोच, रोज देतो, छान वाचतं. पण हस्तलिखित लॉगात 'जीआर' लिहिलेलं असतं. एका साहेबाचा जीआर म्हणजे ग्रे, दुसऱ्याचा ग्रॅनाइट, तिसऱ्याचा ग्रीन. मशीन तिघांनाही एकच करतं आणि बेधडक करतं. कुठला साहेब त्या साली त्या रिगवर होता हे माहीत असलेला एक निवृत्त माणूस आम्ही सल्लागार ठेवलाय. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. खरी चिंता ती आहे.

सरकारी बाजूही हलली आहे. हायड्रोकार्बन महासंचालनालयानं २०१७ मध्ये नॅशनल डेटा रिपॉझिटरी सुरू केली, आणि खनिजांच्या बाजूनं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं 'भूकोश' हे पोर्टल आहेच, त्यात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडाराची भर पडली. मामा, भाचीला सांगा भूकोशवर खातं काढून आपल्याच जिल्ह्याचा नकाशा उतरवून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघड. मुलाखतीत कामाला येईल.

भाऊजी_नव्हे_पण

यूपीएससीचं कुणी बोलेना म्हणून. कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा, वय २१ ते ३२, पूर्व, मुख्य, मुलाखत. सर्वेक्षणात जिऑलॉजिस्ट किंवा केंद्रीय भूजल मंडळात सायंटिस्ट-बी. लेव्हल १०, मूळ वेतन ५६,१००. सर्वेक्षण १८५१ पासूनचं, जुनं खानदान. नोकरी करत तयारी होते, माझी झाली. तिसऱ्या वेळी.

नागपूर यासाठी वाईट नाही. सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय तिथं, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय तिथं, एमईसीएल ही सरकारी खनिज-शोध कंपनी तिथं, राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयही तिथंच. संध्याकाळी चहाच्या टपरीवर निम्मा अभ्यास होतो.

शंखशिंपले

सगळे खाणी आणि तेलात रमलात. 'संग्रह' म्हणजे जीवाश्मसुद्धा असतात, मी त्या खात्यातली.

एकच गोष्ट सांगते. १९८४ मध्ये गुजरातच्या ढोली डुंगरीत भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना डायनासोरची अंडी असलेला एक दगड मिळाला. अंड्यांजवळ बारीक हाडं, ती पिल्लाची असावीत असं तेव्हा वाटलं. दगड संग्रहात गेला, क्रमांक लागला. २००१ मध्ये जेफ विल्सन हे अमेरिकन अभ्यासक तो बघायला आले आणि त्यांना त्या हाडांत सापाचे मणके दिसले. घरट्यात शिरलेला, साडेतीन मीटरचा साप, अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला! २०१० मध्ये तो 'सनाजेह इंडिकस' या नावानं जगापुढे आला. मधली सतरा वर्षं दगड कुठं होता, तर आपल्या जागेवर. कुठला, कुठल्या थरातला, कुणी काढला, सगळं त्याच्यासोबत लिहिलेलं.

उलटंही होतं. जबलपूरला १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमननं उचललेले मणके. लायडेकरनं १८७७ मध्ये त्यांवरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव ठेवलं. भारतातला नाव मिळालेला पहिला डायनासोर, आणि मणके गहाळ! कित्येक दशकं अभ्यासक जुन्या चित्रांवर भागवत होते. २०१२ मध्ये कोलकात्यात जुना संग्रह लावताना त्यातला एक मणका सापडला. सापडला म्हणजे इमारतीतच होता.

पण भाचीला भुरळ घालायची नाही. या बाजूला जागा फार थोड्या. विद्यापीठांच्या संग्रहालयात 'क्युरेटर' पद बहुतेक ठिकाणी कागदावर असतं, किल्ली शिपायाकडे असते. आमच्या एका जुन्या कपाटात पायराइटवाले (लोह आणि गंधकाचं खनिज) नमुने होते, पावसाळ्यात दमट हवेनं पायराइट कुजला, गंधकाम्ल सुटलं आणि आधी काय खाल्लं माहितीय? चिठ्ठ्या. दगड निम्मा शिल्लक होता, पण तो कुठला हे सांगणारा कागद गेला. मी त्या दिवशी जेवले नाही. तेव्हापासून सिलिका जेल स्वतःच्या पैशानं आणते.

मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात म्युझिऑलॉजीचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, आणि बडोद्याला पदवी. भूविज्ञानावर तो केला तर निदान अशा जागांसाठी नाव पुढे राहतं. गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात अंटार्क्टिकाचे हिमगाभे उणे २० अंशांत ठेवतात, तिथलं काम बघायला मिळालं तर बघावं. वीज गेली तर नमुनाच वाहून जातो अशी लायब्ररी. (बाणासाहेब, 'गाभा' वापरलाय, खूश?)

मराठीबाणा

खूश.

थोरली_माती

किल्लारीच्या भूकंपानंतर तिथं ६१७ मीटरची बोअर झाली होती. ३३८ मीटर बेसाल्ट आणि खाली जुना दगड. आम्ही लातूरचे. शाळेत असताना बाबांनी दाखवायला नेलं होतं, मला आठवतो तो रांगेत मांडलेला दगड आणि एक माणूस गुडघ्यावर बसून लिहीत होता. कुणाकडेच बघत नव्हता. आम्ही सगळे बघत होतो ती जमीन कशी आहे आतून. एवढंच. तुमच्या धाग्यामुळे आठवलं.

भाची

नमस्कार. मामानं लिंक पाठवली. ताई म्हणजे माझी आई, तीही वाचतेय, विंचवाचं तिला कळलंय.

मी गप्प होते कारण मला जायचंच होतं आणि का ते धड सांगता येत नव्हतं. माझ्या प्रबंधासाठी विभागातल्या जुन्या थिन सेक्शनच्या (काचेवर चिकटवलेल्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या दगडाच्या पातळ चकत्या) पेट्या उघडल्या होत्या. काचपट्ट्या शेकडो, सुंदर कापलेल्या. त्यांतल्या निम्म्यांवर फक्त 'के-४' वगैरे. के म्हणजे कोयना, कसारा की काढणाऱ्या सरांचं आडनाव? मी सहा जुन्या वह्या आणि एका निवृत्त प्रयोगशाळा सहायकांचा पत्ता काढला. त्यांच्या घरी तीनदा गेले. एकशे अकरा काचपट्ट्यांना गावं मिळाली. माझ्या प्रबंधात याला अर्धं पान आहे, गाइड म्हणाल्या, हे परिशिष्टात टाक.

दगडफोडीताई, कंपनीला रिगबद्दल ईमेल केला. उत्तर आलं: पहिल्या वर्षी नव्वद दिवस. लेखी घेतलंय. यूपीएससीचा फॉर्मही भरणार आहे, बाबांसाठी आणि थोडा माझ्यासाठी.

कोअरशेडकाका, एक विचारायचं होतं. पेटीवर नाव-खोली लिहायला मार्कर कोणता नेऊ?

कोअरशेड

पोरी, मार्कर नको. पेटीवरचा मार्कर नागपूरच्या उन्हात दोन उन्हाळे टिकत नाही, आणि शेडच्या पत्र्याला भोकं असतातच. ॲल्युमिनियमची पट्टी घे, अक्षर-पंचनं ठोक, दोन खिळ्यांनी पेटीच्या डाव्या टोकाला बसव. बोअर क्रमांक, पेटी क्रमांक, पासून, पर्यंत. गोंदानं चिकटवू नकोस.

पंचचा सेट इतवारीत मिळेल. सहाचा आणि नऊचा पंच एकच देतात, उलटा धरून चालवतात. तू दोन घे, आणि नऊच्या पायाशी एक टिंब ठोकत जा.